खाणीच्या ट्रॉलीचं चाक: धाव मऊ राहते, चिलचं कडं बदलू का?

धानमिल_फाउंड्री (तुमसर):

नमस्कार मंडळी. ओतकामातली जाणती माणसं इथं आहेत असं दिसलं म्हणून विचारतो.

आमची तुमसरजवळ लहान फाउंड्री आहे, वडिलांच्या काळापासूनची. २४ इंची क्युपोला (बीड वितळवायची उभी भट्टी), आठवड्यातून एक हीट, म्हणजे एकदाच भट्टी पेटवून ओतणं, तीही शुक्रवारीच. काम बहुतेक राइस मिलचं. हलरचे सुटे भाग, पुल्या, बेअरिंगचे ब्रॅकेट. यंदा उन्हाळ्यात मँगनीज खाणीत काम करणाऱ्या एका ठेकेदारानं रुळावरच्या ट्रॉलीची चाकं ओतून मागितली. दोन फुटी गेज, धावेवर १२ इंच व्यास, वजन २६ किलो, एका बाजूला फ्लँज, म्हणजे चाक रुळावरून घसरू नये म्हणूनची उंच कड. म्हणजे रेल्वे वाघिणीच्या चाकाचं पिल्लूच समजा. धाव, म्हणजे रुळावर चालणारी बाजू, कडक पाहिजे आणि मधला तुंबा मऊ, कारण त्यात एक्सलचं भोक लेथवर करायचं आहे.

४० चाकं दिली. दोन महिन्यांत ११ परत आली. नऊ चाकांची धाव एका जागी बसली आहे, दबून सपाट झाली आहे, ट्रॉली चालताना टक् टक् वाजते. बाकी दोन चाकांना तुंब्यापासून बाहेर चीर गेली. त्यातलं एक तर वापरलंही नव्हतं. शेडमध्ये पडून होतं, रात्री फटाक्यासारखा आवाज झाला आणि सकाळी पाहिलं तर चिरलेलं. ठेकेदार पैसे अडवून बसला आहे.

साचा असा आहे: धावेला आणि फ्लँजला बिडाचं कडं, म्हणजेच चिल, तिथं वितळलेलं बीड झटक्यात गोठून कडक व्हावं म्हणून. बाकी सगळी ओली वाळू. वाळू वैनगंगेची, वरून बेंटोनाइट. कडं जुन्या पुलीतून टर्न करून घेतलं, जाडी २० मिलिमीटर. त्याला आतून जळकं इंजिन ऑइल लावतो. नागपूरला नवीन कडं करून मिळतं पण भाव ऐकून पोटात गोळा आला. कडं बदलल्यानं काम होईल का? किती जाड पाहिजे? बिडाचं की स्टीलचं?

वर्कशॉपवाला (नागपूर):

२० मिमी फारच बारीक आहे. ५० करा, काम फत्ते. नाहीतर चाक साधंच ओता आणि मग ऑक्सिजन-गॅसच्या ज्योतीनं धाव तापवून पाणी मारा. आम्ही गिअर असेच कडक करतो.

जुना_मोल्डर (भिवापूर):

वर्कशॉपवाले भाऊ, तुमचे गिअर स्टीलचे असतील. साध्या करड्या बिडाला ज्योत लावून पाणी मारलं तर बहुतेक वेळा चिराच हाती येतात. ते राहू द्या.

तुमसरवाल्या बाबू, तू कड्याच्या मागं लागला आहेस पण तुझं दुखणं एक नाही, तीन-चार दिसून राहिले मला. मी १८व्या वर्षी ओतशाळेत वाळू चाळायला लागलो, पुढं ३४ वर्षं मोल्डर होतो. त्यातली अकरा वर्षं कोळसा खाणीच्या टबांची चाकं ओतली. आता भिवापूरकडे मिरची लावतो आणि गुडघे सांभाळतो. नवीन कड्याला पैसे लावायच्या आधी परत आलेलं एक चाक फोड. घण घे, पाना घेऊन नाजूक काम करू नको. तीन ठिकाणी फोड: जिथं धाव बसली तिथं, तिच्या बरोब्बर समोर, आणि मधे कुठंही. फुटलेल्या कडेला धावेपासून आत किती मिलिमीटर पांढरं आहे ते पट्टीनं मोज. मग मला एवढं सांग:

क्युपोलात काय काय टाकतोस? पिग (कारखान्यातून येणारं कच्चं बीड) किती, भंगार कोणतं?

रस साच्यात कुठून येतो, तुंब्यातून की कडेनं?

साचा बंद केल्यावर ओतेपर्यंत किती वेळ जातो?

ओतल्यावर चाक कधी काढतोस आणि काढून कुठं ठेवतोस?

आणि चाकाचं मधलं ताट, तुंबा आणि धाव यांना जोडणारं, सपाट आहे की वाकडं?

धानमिल_फाउंड्री:

काका, काल दोन चाकं फोडली. वडील शेडच्या दारात उभे राहून पाहात होते, काही बोलले नाहीत.

जिथं धाव बसली तिथं पांढरं जवळजवळ नाहीच, कुठं १ मिमी, कुठं तेवढंही नाही. कानस लावली तर सरळ चावते. समोरच्या बाजूला ९ मिमी पांढरं, चांदीसारखं चमकतं, कानस घसरते. मधल्या जागी ४. दोन्ही चाकांत हेच. आणि मऊ जागा दोन्ही चाकांत गेटच्या (रस साच्यात शिरायच्या वाटेच्या) तोंडासमोरच आहे, हे फोडल्यावर ध्यानात आलं. आम्ही रस कडेनं आत घेतो, एकाच गेटनं.

दुसऱ्या चाकात धावेच्या चामडीखाली बारीक पोकळ्याही निघाल्या, मोहरीएवढ्या.

भंगार: आधी पिग अर्धं असायचं. भाव वाढला तसं कमी केलं. आता पाव पिग आणि बाकी गाड्यांचे फुटलेले इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड. स्वस्त मिळतात आणि राइस मिलच्या मालाला छान चालतात, टर्निंग लोण्यासारखं होतं.

साचे सकाळी नऊपासून बंद करून ठेवतो, ओतणं दुपारी तीन-चारला. चाकं दुसऱ्या दिवशी सकाळी काढतो. ताट सपाट आहे, सरळ.

जुना_मोल्डर:

आता बोलता येते. वडिलांना सांग, पोट्ट्यानं चाकं फोडली ते बरं केलं, न फोडता नवीन कडं आणलं असतं तर पैसे गेले असते आणि चाकं परतही आली असती.

पहिली गोष्ट भंगाराची. इंजिन ब्लॉकच्या बिडात सिलिकॉन दोन टक्क्यांच्या आसपास असतो. तो मुद्दाम ठेवलेला असतो, कारण सिलिकॉन कार्बनला ग्राफाइट होऊन सुटं व्हायला मदत करतो. म्हणूनच तुझं टर्निंग लोण्यासारखं होते. पण चिल म्हणजे नेमकं त्याच्या उलटं काम. रस थंड कड्याला लागून झटक्यात गोठला पाहिजे, कार्बनला सुटं व्हायला वेळच मिळू नये, तो लोखंडाशी बांधलेला राहावा. तेच पांढरं बीड. रसात सिलिकॉन भरून ठेवला तर कडं सोन्याचं केलं तरी पांढरं येणार नाही. जुन्या रेल्वे चाकांच्या रसात सिलिकॉन अर्धा-पाऊण टक्का असायचा. ती चाकं ३३ इंची, जाड. तुझं चाक लहान आहे, लवकर थंड होते, म्हणून तुला एक टक्क्याच्या जरा खाली चालेल. कार्बन साडेतीनच्या आसपास ठेव.

म्हणजे चाकांच्या हीटमध्ये इंजिन ब्लॉक बंद. पूर्ण. राइस मिलचा माल आणि चाकं एकाच हीटमध्ये नको, आणि ओतायचीच असली तर आधी चाकांचा चार्ज उतरव. पिग पुन्हा निम्म्या हिश्शावर ने, त्यात कमी सिलिकॉनचं माग. उरलेल्यात फुटलेली तुझीच चाकं आणि पाव हिस्सा स्टीलचं भंगार, सळईचे तुकडे, जुन्या रुळाचे तुकडे. स्टील क्युपोलातल्या कोकमधून कार्बन ओढून घेते आणि सिलिकॉन पातळ करते. ब्रेक ब्लॉकच्या भंगारापासून जरा दूर राहा, त्यात फॉस्फरस जास्त असू शकतो, चाक ठिसूळ होते. थोडं मँगनीज पाहिजे, कोकमधला गंधक सांभाळायला. तुमच्याकडे पायाखाली मँगनीज आहे म्हणून खाणीतला दगड टाकू नको हो, हसू नको, मी असा एक कारखानदार पाहिला आहे. फेरोमँगनीज आण, कुटून बारीक कर, बकेटमध्ये, म्हणजे रस उचलून ओतायच्या भांड्यात, १०० किलो रसाला ३०० ग्रॅम.

हे सगळं बरोबर झालं की नाही ते चाक ओतायच्या आधी कळते. वाळूत बोटभर जाडीचा, वीतभर लांब तुकडा ओत, त्याची एक कड लोखंडी ठोकळ्याला टेकलेली. लाल उतरला की पाण्यात टाक, फोड, पांढरं मोज. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे हा तुकडा फोडल्याशिवाय चाकाच्या साच्याकडे बकेट वळतच नव्हती. पांढरं जास्त आलं तर बकेटमध्ये चिमूटभर फेरोसिलिकॉन, कमी आलं तर ती बकेट राइस मिलच्या मालाला.

दुसरं, गेट. कडेनं घेतलेला रस येऊन येऊन कड्याच्या एकाच जागेवर आदळतो. तेवढी जागा तापून जाते, मग ती चिल राहतच नाही. तुझी मऊ जागा तिथंच, हे तू स्वतःच पाहिलंस. रेल्वेचं चाक असं कधीच ओतत नव्हते. ते तुंब्यातून ओतायचे. मधल्या कोअरच्या (एक्सलच्या भोकासाठी साच्यात उभ्या केलेल्या वाळूच्या दांड्याच्या) भोवती तीन-चार लहान तोंडं ठेवायची, वर वाटीसारखा बेसिन, रस मधे उतरून चहूकडे सारखा पसरतो आणि धावेपर्यंत सगळीकडे एकाच वेळी चढतो. आणि साचा पाणलेव्हलवर ठेव. साचा एका बाजूला झुकला की रस एका बाजूनं आधी चढतो आणि चिल वाकडी येते. हे मी नवीन असताना शिकलो, वीस चाकं भंगारात घालून. आमचा मेस्तरी एक शब्दही बोलला नव्हता, फक्त त्या वीस चाकांना दुसऱ्या दिवशी मलाच घण मारायला लावला.

आता कडं. इथं जरा सावकाश सांगतो, कारण खरी मेख इथं आहे.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलं असशील. लोहार धाव शेणाच्या गोवऱ्यांत लालबुंद करतो. लाल झाली की ती पसरते, मोठी होते, मग सांडशीनं उचलून लाकडी चाकावर बसवतो आणि वर पाणी ओततो. धाव आकसते, पुठ्ठ्यांना आवळून बसते, सांधे करकरतात. बाहेरचं आकसलं आणि आतलं तिथंच राहिलं, म्हणून घट्ट झालं.

तुझ्या साच्यात याच्या उलटं होऊन राहिलं. आत रस, बाहेर कडं. रस गोठला की आकसतो, आत पळतो. कडं तापलं की पसरतं, बाहेर पळतं. दोघांत फट पडते. कागदाएवढी असेल, पण त्या फटीत हवा आहे आणि हवा उष्णता नेत नाही. पहिल्या काही सेकंदांत जेवढं पांढरं झालं तेवढंच, नंतर चिल थांबते. वरून चाकाची नवी गोठलेली चामडी आधाराविना उभी राहते, आतून रसाचा दाब, तिला बारीक उभ्या चिरा पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, रुळावर धावल्यावर दिसतात.

अमेरिकेतल्या चाक ओतणाऱ्यांनी १९व्या शतकाच्या शेवटी शेवटी यावर तोड काढली. कड्याची आतली बाजू अखंड ठेवायची नाही. तिचे लहान लहान ठोकळे करायचे, मधे बारीक फटी, आणि सगळे ठोकळे बाहेरच्या एका अखंड कड्याला जोडलेले. बाहेरचं कडं थंड राहते, म्हणून पसरत नाही. आतले ठोकळे तापतात, लांब होतात, पण त्यांना बाहेर जायला जागा नाही, मग ते आत सरकतात, आकसणाऱ्या चाकाच्या मागं मागं. म्हणजे कडं चाकाला सोडत नाही. लोहाराच्या धावेचीच युक्ती, फक्त उलटी फिरवलेली.

आपल्या लहान चाकाला एवढं अवघड करायची गरज नाही. कडं ४५ मिमी जाड, बिडाचंच घे. स्टीलचं कडं वरचेवर तापून वाकडं होते, चौकोनी नाही झालं तरी गोल राहत नाही. आतून लेथ मारल्यावर हॅकसॉनं आडव्या नाही, उभ्या खाचा घाल, दर दीड इंचावर एक, जाडीच्या अर्ध्यापर्यंत खोल. खाच हॅकसॉच्या पात्याएवढीच रुंद. एक मिलिमीटर. त्यापेक्षा जास्त नको. मी पहिल्यांदा केलं तेव्हा घाई होती, शेपरवर तीन मिलिमीटरच्या खाचा मारून घेतल्या. रस त्यात शिरला, गोठला, चाकानं कडं असं धरलं की जसं भुंग्यानं लाकूड. दिवसभर ठोकत होतो. शेवटी कडं फोडलं. त्या महिन्याच्या पगारातून कापून घेतलं ते वेगळं.

या खाचांतून साच्यातली हवाही निघते, हा वरचा फायदा.

चौथं, तुझ्या त्या मोहरीएवढ्या पोकळ्या. सकाळी नऊला साचा बंद, ओतणं चारला, आणि हा पावसाळा. गार कडं ओल्या वाळूत सात तास बसलं की त्याला घाम सुटतो. रस लागला की त्या घामाची वाफ, वाफेला जायला जागा नाही. कडं साच्यात बसवायच्या आधी तापव, हात लावता येईल पण ठेवता येणार नाही इतकं. मग लगेच साचा बंद कर आणि तासाभरात ओत. जळकं ऑइल बंद, ते धूर करते. गंज असेल तर एमरीनं काढ, मग ग्राफाइट आणि थोडं जवसाचं तेल, फडक्यानं पुसून पुसून इतकं पातळ की बोटाला नुसता काळा डाग यावा.

आणि चिरा. आधी तो ताटाचा सपाटपणा. धाव आधी गोठली, ती आकसून बसली. तुंबा सगळ्यात शेवटी गोठतो आणि आकसताना ताटाला आत ओढतो. ताट सरळ असेल तर त्याला वाकायला जागा नाही, मग ते तुटते. ताटाला थोडं खोलगट कर, परातीसारखं, ते ओढ सोसून घेते. जुन्या ओतीव रेल्वे चाकांत पाहा, सरळ ताटाचं क्वचितच सापडायचं. त्याच्याही आधी अमेरिकेत तुंबाच तीन भागांत तुटका ओतायचे, फटी ठेवून, आणि मग बाहेरून लोखंडी पट्टा चढवायचे. १८४८ साली फिलाडेल्फियाच्या आसा व्हिटनीनं पेटंट घेतलं, चाक लाल असतानाच साच्यातून काढून खड्ड्यात ठेवायचं आणि दिवसच्या दिवस हळूहळू थंड करायचं. तुंबा लाल, धाव काळी, हा फरक खड्ड्यात मिटतो, मग ओढाताण राहत नाही. तू रात्रभर वाळूत ठेवतोस, तिथं काही ठिकाणी वाळू ओली, काही ठिकाणी सुकी, कुठं काय थंड होते याचा पत्ता नाही. शेडमधल्या चाकाला फटाका फुटला तो हाच.

तुझ्याकडे यासाठी एक वस्तू हाताशीच आहे. राइस मिलमधली तुसाची राख. तुसाची राख उष्णता धरून ठेवते, मोठ्या स्टील कारखान्यांतही बकेटमधल्या रसावर टाकतात. विटांचा खड्डा कर, खाली सुकी राख, चाक धाव गोठल्याबरोबर लाल असतानाच काढून त्यात आडवं ठेव, वर राख, पुढचं चाक, वर राख. आमच्या टबच्या चाकांना साताठ मिनिटांत काढायचो. वर पत्र्याचं झाकण. तीन दिवस उघडायचं नाही. फक्त राखेखाली जाळ करू नको. चाक पुन्हा चांगलं लाल तापून राहिलं तर पांढरं मऊ व्हायला लागते.

यलहंका_ते_गोंदिया (बेंगळुरू):

जुना_मोल्डर काका, वाचून मजा आली. माझं माहेर गोंदिया, मी इथं एका मशीन शॉपमध्ये आहे आणि भारतीय रेल्वेच्या यलहंक्याच्या चाक कारखान्याला एकदा भेट दिली होती. तुमच्या चाकांशी तुलना करावीशी वाटली म्हणून लिहिते.

तिथं चाक बिडाचं नाही, स्टीलचं ओततात. कारखाना १९८४ पासून चालू आहे. जुनी चाकं आणि एक्सल भंगार म्हणून विजेच्या आर्क भट्टीत वितळवतात. साचा वाळूचा नाहीच, ग्राफाइटचे मोठे ठोकळे, आतून मशीननं चाकाच्या आकारात कोरलेले. रस वरून ओतत नाहीत. बकेट एका बंद टाकीत ठेवतात, झाकणातून एक नळी रसात उतरलेली, साचा त्या नळीवर. टाकीत हवेचा दाब वाढवला की रस खालून शांतपणे वर चढतो, उसळी नाही, फेस नाही. अमेरिकेतल्या ग्रिफिन कंपनीचं हे तंत्र आहे. बिहारमध्ये सारण जिल्ह्यात बेला इथंही असाच दुसरा कारखाना आहे.

पण तिथं ग्राफाइटमुळे धाव कडक होत नाही. ग्राफाइट आकार नेमका ठेवतो आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो, झिजला की परत कोरून घेतात. कडकपणा नंतर येतो: चाक पुन्हा तापवतात आणि फक्त कडेवर पाण्याचे फवारे मारतात.

तुमसरवाल्या दादांना विचारायचं होतं, ग्राफाइटचा साचा करून बघणार का? आणि काका, तुमचं खालून रस चढवण्याबद्दल काय मत आहे?

जुना_मोल्डर:

ताई, छान सांगितलं. खालून चढवणं चांगलंच, पण त्याला टाकी, दाब, नळी, आणि एक माणूस ज्याचं लक्ष मोबाईलमध्ये नाही. बारा इंची चाकाला तुंब्यातून ओतलेलं पुरे. ग्राफाइटचा भाव पाहिला तर तुमसरवाल्याला चाक विकून नाही, शेत विकून आणावं लागेल.

मी नॅरोगेजच्या काळातला माणूस. नागपूर-नागभीडची गाडी २०१९ ला बंद झाली, तोवर भिवापूर स्टेशनवर उभा राहिलो की पहिलं चाकाकडे पाहायचो, मग डब्यात कोण बसलं आहे ते. बायको म्हणायची, येणाऱ्याला आधी ओळख द्या, चाकाला नंतर. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तुमसरवाल्या बाबूनं एकदा जाऊन जुन्या वाघिणींच्या चाकांची ताटं नीट पाहावी. वरून नाही, वाकून, मागच्या बाजूनं.

वर्कशॉपवाला:

काका, चाक चांगलं झालं की नाही हे विकण्याआधी कसं कळणार? प्रत्येक चाक तर फोडता येत नाही.

जुना_मोल्डर:

भाऊ, प्रश्न बरोबर आहे. लॉटमधलं एक फोडायचंच. बाकीच्यांना टांगून हातोडीनं वाजवून पाहायचं, चांगलं चाक घंटेसारखं वाजते, चिरलेलं मडक्यासारखं. जुन्या रेल्वेत याहून कडक परीक्षा होती. चाक फ्लँज खाली करून वाळूत ठेवायचे आणि धावेभोवती पाळी करून त्यात वितळलेला रस ओतायचे. दोन मिनिटांत ताट फुटलं नाही तर लॉट पास. ब्रेक लावत घाट उतरताना चाक तापते, तीच दशा. ही परीक्षा पावसाळ्यात घरी कोणी करू नका. खालची वाळू ओली असली तर रस उडतो, माझ्या डाव्या पोटरीवर अजून खूण आहे.

आणि तुमसरवाल्या, ठेकेदाराला आधीच सांगून ठेव, ही चाकं मालाच्या ट्रॉलीची. माणसं वाहायच्या ट्रॉलीला लावू देऊ नको.

धानमिल_फाउंड्री:

काका, तीन आठवडे झाले, आता सांगतो.

कडं ४५ मिमीचं भंडाऱ्याला ओतून घेतलं, टर्निंग आमच्याच लेथवर. खाचा मी आणि धाकट्या भावानं हॅकसॉनं घातल्या, २६ खाचा, दोन दिवस आणि बारा पाती. पॅटर्नचं (साचा उठवायच्या लाकडी नमुन्याचं) ताट सुतारानं खोलगट करून दिलं, त्याला पहिले समजेना, मग घरातली परात नेऊन दाखवली. गेट तुंब्यातून, कोअरभोवती तीन तोंडं. इंजिन ब्लॉक शून्य. तुकडा फोडला तेव्हा पांढरं १४ मिमी आलं, तुम्ही म्हणालात तसं बकेटमध्ये फेरोसिलिकॉन टाकलं, दुसरा तुकडा ९.

आठ चाकं ओतली. सात मिनिटांनी काढली, तुसाच्या राखेत ठेवली. चौथ्या दिवशी उघडलं तेव्हाही सगळ्यात खालचं चाक कोमट होतं. राख काढताना वडील स्वतः खाली उतरले, त्यांनी प्रत्येक चाक टांगून वाजवलं. एक मडक्यासारखं वाजलं. त्याच्यावरचं झाकण सरकून पावसाचं पाणी गेलं होतं. त्यालाच फोडलं. धावेभोवती सगळीकडे ८ ते १० मिमी पांढरं, गेटच्या जागेचा प्रश्नच उरला नाही. पोकळ्या नाहीत. खाचांच्या जागी धावेवर केसाएवढ्या रेषा आहेत, त्या ग्राइंडरनं गेल्या.

आता एक नवीन तक्रार. सातही चाकांचे तुंबे लेथवर कडक लागतात, विशेषतः वरची कड. टूल दोनदा तुटलं. आधीच्या चाकांत हे नव्हतं. कोअरमुळे असेल का?

जुना_मोल्डर:

कोअर नाही. फेरोमँगनीज किती टाकलं?

धानमिल_फाउंड्री:

शेजारच्या फाउंड्रीवाल्यानं पिशवीभर फुकट दिलं होतं. बकेटमध्ये किलोभर टाकलं असेल. बकेट १२० किलोची.

जुना_मोल्डर:

मी ३०० ग्रॅम म्हटलं होतं, तेही १०० किलोला. गंधक सांभाळून जास्तीचा उरला की मँगनीज वाळूतल्या भागालाही कडक करतो. मग तुंबा कडक होणारच.

पुढच्या शुक्रवारी वजन काट्यावर करून टाक, ३६० ग्रॅम, अंदाजानं नको. ती सात चाकं भंगारात घालू नको, कार्बाइडचं टूल घे, फेरे कमी कर, भोक होईल. आणि तुकडा फोडल्यावर फोटो उन्हात काढ. शेडमधल्या फोटोत पांढरं कुठं संपते तेच दिसत नाही.